टेकडीवरचे दिवे खाली वळवा: नगरपालिकेला खुले पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी, विद्युत विभागाचे अभियंते आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका यांस,

स.न.वि.वि.

गावामागच्या टेकडीच्या सुशोभीकरणातून गेल्या महिन्यात तिथे दोन हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे प्रखर दिवे, उभे राहिले. देवळाच्या पायऱ्यांपासून माथ्यापर्यंत झाडांच्या बुंध्याशी रंगीत फोकस बसवले गेले, आणि त्या सगळ्यांची तोंडं आभाळाकडे आहेत. दिवेलागणीला हे सुरू होतं ते उजाडेपर्यंत जळत राहतं. पुढच्या टप्प्यात माथ्यावर आणखी एक हायमास्ट आणि आकाशात फिरणारा झोत बसवायचा ठराव झाला आहे. त्या कामाचा कार्यारंभ आदेश निघण्याआधी तुम्ही माझं म्हणणं ऐकावं म्हणून हे पत्र. तुमच्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. शिवाय हा एका गावाचा प्रश्न राहिलेला नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात आज हेच चाललं आहे, म्हणून सर्वांसमोर लिहिते आहे.

मी इथल्याच एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. आकाश बघायची ओढ आहे आणि ती आजीकडून आली. अंगणात बाजेवर पडल्या पडल्या तिनं मला सप्तर्षी, अरुंधती, व्याध ओळखायला शिकवलं. नोकरी लागल्यावर पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून मी आठ इंची आरशाची डॉबसोनियन दुर्बीण घेतली. थंडीत अमावास्येच्या मागचा-पुढचा शनिवार आला की शाळेतली मुलं, त्यांचे आईवडील, कधी एखादे निवृत्त गुरुजी असे आम्ही टेकडीच्या मागच्या सपाटीवर जमतो. सतरंज्या, कानटोप्या, लाल जिलेटीन कागद गुंडाळलेल्या बॅटऱ्या आणि कुणाच्या तरी घरून आलेला चहाचा थर्मास, एवढंच सामान. गावाचा उजेड टेकडीच्या पुढच्या अंगाला अडायचा, त्यामुळे मागे आकाश काळंभोर मिळायचं. ज्या मुलांच्या घरी साधी दुर्बीण घ्यायची ऐपत नाही त्यांनाही ते फुकट होतं.

तिथे काय घडतं ते तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. मुलांना मृग ठाऊक असतो तो पावसाचा. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला चांगला वर आलेला मृग दाखवला की दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मृग तर जूनमध्ये लागतो ना?" मग सांगायचं की सात-आठ जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात येतो, म्हणजे तेव्हा मृग दिवसा आभाळात असतो आणि सूर्याच्या उजेडात दिसत नाही. सहा महिन्यांनी आपण पृथ्वीवर बसून सूर्याच्या दुसऱ्या अंगाला पोहोचतो आणि तेच तारे रात्रभर डोक्यावर असतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. त्या थंडीत, मान वर करून, ते त्यांना पहिल्यांदा दिसतं. मग मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा धुरकट ठिपका दुर्बिणीत दाखवायचा. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ, जिथे आजही नवे तारे जन्माला येताहेत. आयपीसला डोळा लावलेलं मूल आधी "काहीच नाही" म्हणतं, थोडं थांबतं, आणि मग पंखासारखा पसरलेला राखाडी उजेड आणि त्याच्या मधोमध चिकटून बसलेले चार छोटे तारे त्याला दिसू लागतात. ते थांबणं महत्त्वाचं आहे. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोकसकडे एकदा नजर गेली की ती सगळी मिनिटं वाया जातात.

हायमास्ट लागल्यानंतरही आम्ही त्याच सपाटीवर बसलो. मुलांना कृत्तिकांचा पुंजका दाखवून तारे मोजायला सांगायचा आमचा रिवाज आहे. पूर्वी बहुतेकांना सहा दिसायचे, तेज नजरेच्या एखाद्याला सात किंवा आठ. या वेळी बहुतेक मुलांना नुसता डाग दिसला. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, नुसत्या डोळ्यांनी सापडलीच नाही. तिच्यापासून निघालेला प्रकाश 25 लाख वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. माणसाला दुर्बिणीशिवाय दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या गोष्टींपैकी ती एक आहे. एवढ्या लांबून आलेला उजेड आपल्या गावाच्या शेवटच्या काही मीटरवर हरवतो, आणि तोही आपणच लावलेल्या दिव्यांमुळे. हे मला गप्प बसून सोसवत नाही.

यावर तुमच्यातले एक नगरसेवक मला म्हणाले, "चंद्र दिसतो की, शनी दिसतो की." दिसतात, खरं आहे. चंद्र, गुरू, शनी मुंबईच्या गच्चीवरूनही दिसतात, कारण ते तेजस्वी आहेत आणि त्यांचा उजेड एवढ्याशा जागेत एकवटलेला असतो. पण आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ, दीर्घिका, धूमकेतूचं शेपूट या पसरलेल्या, फिकट गोष्टी आहेत. त्यांच्यामागचं आकाशच उजळलं की त्या त्यात विरघळून जातात. मोठी दुर्बीण आणूनही यावर फारसा इलाज होत नाही, कारण ती त्यांच्यासोबत मागच्या उजळलेल्या आकाशाचाही प्रकाश गोळा करते. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला होता. परतीच्या पावसाचे ढग एका संध्याकाळी फाटले आणि पश्चिमेला, शुक्राच्या उजव्या अंगाला, त्याचं शेपूट आमच्या टेकडीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसलं. सातवी-आठवीतली मुलं ओरडत सुटली होती. तोच धूमकेतू शहरातल्या माझ्या मैत्रिणीला बायनॉक्युलर लावून कसाबसा सापडला. तो परत येईलच अशी खात्री नाही, आणि आला तरी हजारो वर्षांनी. आज तो आला असता तर आमच्या मुलांच्या वाट्यालाही शहरासारखंच आकाश आलं असतं.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार दिव्यांच्या दिशेबद्दल आहे. झाडाच्या बुंध्याशी लावलेल्या फोकसचा उजेड पानांवर जेवढा पडतो त्याहून कितीतरी जास्त फांद्यांमधून सरळ वर निघून जातो. हायमास्टवरचे फोकस तिरके बसवले आहेत, त्यामुळे त्यांचा बराच उजेड जमिनीऐवजी आडवा, क्षितिजाकडे जातो. हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून तोच गावावर फिकट घुमटासारखा पसरतो. तो उजेड कुणाच्याही वाटेवर पडत नाही, आणि त्याचं वीजबिल मात्र आपण सगळे भरतो.

दुसरी तक्रार रंगाची. पूर्वीचे सोडियम दिवे पिवळे होते. 2015 पासून देशभर रस्त्यांवर एलईडी बसू लागले. वीज वाचली, ते चांगलंच झालं आणि त्याला माझा विरोध नाही. पण आपल्याकडे बसवलेले एलईडी पांढरेफटक, निळसर आहेत. दिवसा आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या मानाने एलईडीतला निळा प्रकाश हवेत सुमारे तिप्पट विखुरतो. म्हणजे तेवढ्याच उजेडात निळसर दिवा रात्रीचं आकाश जास्त खराब करतो. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. बाजारात 2,700 किंवा 3,000 केल्विनचे उबदार रंगाचे एलईडी सहज मिळतात. निविदेत एक ओळ घातली असती तरी पुरेसं होतं. त्या निविदेत वॅट आहेत, खांबाची उंची आहे, हमीचा काळ आहे. प्रकाश कुठे पडावा आणि कुठल्या रंगाचा असावा, याबद्दल एक अक्षर नाही.

आणि वेळ. रात्री अकरानंतर टेकडीवर कुणी नसतं. देवळाचं दार त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. तरीही फोकस पहाटेपर्यंत चालू. टेकडीच्या मागच्या उतारावर हिरड्याच्या झाडांवर मे अखेरीस काजवे येतात. नर आणि मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनं शोधतात, आणि मोठ्या उजेडात त्या खुणा दिसत नाहीत. भंडारदऱ्याला, राजमाचीला लोक पैसे खर्चून जे बघायला जातात ते आपल्याकडे आहे. किती दिवस राहील, सांगता येत नाही.

आपल्याकडे आकाश बघायला मुळातच थोड्या रात्री मिळतात. जून ते सप्टेंबर पावसात जातात. उरलेल्या महिन्यांतला चांदण्याचा पंधरवडा वजा करा, ढगाळ रात्री वजा करा. उलट आपली जागा मात्र फार भाग्याची आहे. साधारण अठरा-एकोणीस अंश उत्तर अक्षांशावरून ध्रुवतारा दिसतो आणि मे महिन्यात दक्षिणेला त्रिशंकूही दिसतो. अगस्त्य दिसतो. आपल्या आकाशगंगेचं केंद्र जिथे आहे तो धनू राशीचा भाग मार्चच्या पहाटे आणि मेच्या मध्यरात्रीनंतर दक्षिण आकाशात चाळीस अंशांहून वर चढतो. लंडनहून तोच क्षितिजाला चिकटलेला असतो. युरोपातले हौशी निरीक्षक ज्याच्यासाठी विमानाने दक्षिणेकडे जातात ते आमच्या मुलांना टेकडी चढून मिळत होतं.

तुम्ही म्हणाल, लोकांना उजेड हवा आहे, विशेषतः बायकांना सुरक्षित वाटायला हवं. हे मला अर्जाच्या वेळीही ऐकवलं गेलं. मी स्वतः बाई आहे, दुर्बिणीचा डबा खांद्याला लावून रात्री ती टेकडी उतरते. हायमास्टच्या जवळून येताना डोळे दिपतात आणि त्याच्या पलीकडच्या झुडपांमध्ये, खांबाच्या सावलीत कुणी उभं असेल तर दिसत नाही. झाकलेल्या, खाली बघणाऱ्या, मंद दिव्यांची एक ओळ पायऱ्यांवर असती तर प्रत्येक पायरी आणि समोरून येणारा माणूस दोन्ही नीट दिसले असते. आणि एसटी स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर चार खांबांवर दिवेच नाहीत. शेवटच्या गाडीनं उतरणाऱ्या मुली मोबाइलची बॅटरी लावून येतात. बायकांच्या सुरक्षिततेसाठी पैसा खर्च करायचा असेल तर तो आधी तिथे करा. टेकडीवरचा एक हायमास्ट कमी केला तर त्यातून ते चारही खांब उजळतील, असं मला वाटतं. अभियंत्यांनी अंदाजपत्रक मांडून हे खरं की खोटं ते जाहीर सांगावं.

हे सगळं एका वेड्या बाईचं म्हणणं आहे असं कुणाला वाटू नये म्हणून थोडं बाहेरचं सांगते. 2016 साली जगभरच्या कृत्रिम उजेडाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सामान्य नागरिकांनी 2011 ते 2022 या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून जास्त नोंदी वापरल्या होत्या. निष्कर्ष असा की रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत चाललं आहे. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या होत्या. आपल्याकडच्या नोंदी कमी आहेत, कारण आपल्याकडे त्या घेतल्याच गेल्या नाहीत. हे काम आमच्या शाळेची मुलं करू शकतात, फक्त त्यांना बसायला जागा हवी.

आपल्या राज्याला आकाश राखता येत नाही असंही नाही. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेल्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. भारतातलं ते पहिलं आणि आशियातलं पाचवं. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. त्या गावांचे रस्ते काही अंधारात गेले नाहीत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस महाकाय अँटेना आहेत. त्यांना रेडिओ लहरींचा त्रास होऊ नये म्हणून परिसरात निर्बंध पाळले जातात, पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीचासुद्धा त्यामुळे फेरविचार करावा लागला. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यात असली तरी तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरापासून दूर, जुन्नर भागात गिरवलीला आहे. शास्त्रज्ञांना गरज पडली की आकाश जपायचं कसं हे सरकारला समजतं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, मुंबईची मंडळी त्यासाठी वांगणीपर्यंत जात आली. ही माणसं तुमच्याकडे रेल्वे वळवायला सांगत नाहीत. दिव्याला झाकण लावा, एवढंच सांगताहेत.

पेंचला जा, काळ्याभोर आकाशासाठी प्रसिद्ध असलेल्या लडाखमधल्या हानलेला जा, असा सल्लाही मला मिळाला. मी जाईनही. पण वीटभट्टीवर काम करणाऱ्या बापाची मुलगी हानलेला कशी जाणार? तिला आकाशगंगा बघायची असेल तर ती याच गावातून दिसली पाहिजे.

फिरत्या झोताबद्दल वेगळं सांगते, कारण तो अजून बसलेला नाही. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावानं 1958 सालीच जाहिरातीसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या झोतांवर बंदी घातली. तिथल्या लॉवेल वेधशाळेतून 1930 साली प्लूटोचा शोध लागला होता आणि गावाला आपल्या आकाशाचा अभिमान होता. फ्रान्समध्ये 2013 पासून दुकानांच्या काचांमधले दिवे रात्री एकनंतर बंद ठेवावे लागतात. आपल्याकडे आवाजासाठी 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर स्पीकर बंद होतो. उजेडासाठी असा नियम नाही. नियम नाही म्हणून नगरपालिकेचे हात बांधलेले नाहीत. स्वतःच्या दिव्यांना झाकण लावायला कुणाच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.

दिवाळीच्या पणत्यांना, आकाशकंदिलांना, गणपतीच्या आराशीला माझा आक्षेप नाही. ते सण आहेत, चार दिवसांचे आहेत, आणि मीही दारात पणत्या लावते. माझं म्हणणं वर्षभर, रात्रभर, कुणासाठीही नसलेल्या उजेडाबद्दल आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते. माथ्यावरचा तिसरा हायमास्ट आणि फिरता झोत यांचा ठराव स्थगित करावा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत नागरिकांना बोलू देऊन त्यावर पुन्हा चर्चा करावी. झाडांच्या बुंध्याशी लावलेले, वर तोंड केलेले फोकस काढावेत. लगेच काढता येत नसतील तर निदान रात्री दहाला बंद करावेत, त्याला टायमर लागतो, तो स्वस्त मिळतो. जे दोन हायमास्ट उभे आहेत त्यांचे फोकस सपाट काचेचे आणि जमिनीला समांतर करून घ्यावेत, मागच्या सपाटीकडचे बंद करावेत. पायऱ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीचे झाकलेले दिवे लावावेत. यापुढे दिव्यांच्या प्रत्येक निविदेत दोन अटी घालाव्यात: दिव्याच्या पातळीच्या वर प्रकाश जाणार नाही, आणि रंग 3,000 केल्विनच्या वर नसेल. एसटी स्टँडच्या रस्त्यावरचे चार दिवे याच महिन्यात लावावेत. आणि टेकडीची मागची सपाटी आकाशनिरीक्षणासाठी अंधारी ठेवण्याचा ठराव करावा. त्यासाठी तुम्हाला एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही.

आमच्या बाजूनं आम्ही काय करू तेही सांगते. दर अमावास्येला मुलांकडून आकाशाच्या उजळपणाच्या नोंदी घेऊ आणि त्या नगरपालिकेला देऊ, म्हणजे बदललेल्या दिव्यांचा फरक पडला की नाही ते तुम्हालाच आकड्यांत दिसेल. दिव्यांचे कोन ठरवायला अभियंत्यांना मदत लागली तर मी आणि शाळेतले विज्ञानाचे सर रात्री खांबाखाली उभे राहायला तयार आहोत. येत्या अमावास्येला तुमच्यापैकी कुणीही, शक्यतो आपल्या मुला-नातवंडांना घेऊन, सपाटीवर यावं. त्या एका रात्रीपुरते टेकडीवरचे दिवे तासभर बंद ठेवावेत, अशी लेखी विनंती मी या पत्रासोबत वेगळी जोडते आहे. तिचं उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावं.

कळावे,

आपली,
गावातल्या शाळेतली प्रयोगशाळा सहायक
आणि टेकडीवर जमणारे सर्व आकाशनिरीक्षक विद्यार्थी-पालक